बाटलीतला हिवाळा

पालमपूरहून हिवाळ्याची पहिली बाटली आली तेव्हा प्रणिता आस्वले चंद्रपूरच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीचं जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल घेत होती. शिपायाने थर्मोकोलचा खोका टेबलावर आणून ठेवला. वर सुहासच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उन्हात ठेवू नकोस.' आत बर्फाच्या पिशव्यांमध्ये औषधाच्या दुकानात मिळते तशी साधी पांढरी बाटली होती.

सुहास तिचा नवरा. हिमाचलात पालमपूरला सफरचंदावर संशोधन करणाऱ्या केंद्रात तो बरीच वर्षं होता. लग्नानंतर एकदोनदा बदलीचा विषय निघाला, पण सफरचंद काही चंद्रपूरला येणार नव्हतं आणि प्रणिताची नोकरी इथली, पक्की. शिवाय सुहासची आई वत्सलाबाई चंद्रपुरातल्या तुकूम भागातलं घर सोडायला तयार नव्हती. तेव्हा तो तिकडे, ह्या दोघी इकडे, असं ठरल्यासारखं होऊन गेलं.

दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट होती डे-लिली. नागपूरला एम.एस्सी.ला एकत्र असल्यापासूनचा हा नाद. डे-लिलीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मिटून जातं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावरची दुसरी कळी उघडते. तिच्या जाती ढोबळमानाने दोन स्वभावाच्या. एक बाराही महिने हिरवी राहणारी, उन्हाला न कंटाळणारी. वत्सलाबाईंच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेली पिवळी लिली ह्या जातीची. दुसरी डोंगराळ थंडीतली. हिवाळ्यात तिची पानं वाळून जातात, ती जमिनीखाली झोपते, आणि पुरेशी थंडी मिळाली तरच पुढे फुलते. पालमपूरला सुहासच्या क्वार्टरमागे अशा एका लिलीला दुधावरच्या सायीच्या रंगाची मोठी फुलं यायची, घशाशी हिरवट झाक असलेली. प्रणिताला तो रंग चंद्रपुरात हवा होता. फुलायला हिवाळा मागणार नाही आणि मे महिन्याच्या उन्हात तग धरेल, अशा झाडावर.

हे व्हायला पिढ्या लागतात. पहिल्या संकरातून निघालेली रोपं डोंगराकडचीच निघाली. त्यांना थंडी लागायची. ती थंडी चंद्रपुरात उरली नव्हती. डिसेंबरातही पंखे चालू असायचे. म्हणून दर दिवाळीला प्रणिता कुंड्या घेऊन दिल्लीच्या गाडीत बसायची, पुढे पठाणकोट, तिथून बसने पालमपूर. कुंड्या हिवाळा तिथे काढायच्या. होळीला सुहास त्या परत आणायचा. चंद्रपुरात त्या फुलल्या की प्रणिता पहाटे चिमट्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायची. बोंड पिकलं की आतून काळ्या चकचकीत बिया निघायच्या. नवरा-बायकोची वर्षातून दोनदा होणारी भेट अशी कुंड्यांच्या वेळापत्रकावर चालायची. रेल्वेतले टी.सी. तिला ओळखायला लागले होते.

प्रॅक्टिकल आटोपल्यावर तिने सुहासला फोन लावला.

"हे काय पाठवलंस?"

"हिवाळा," तो म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आपल्याकडे ह्यावर काम चालू आहे म्हणालो होतो ना? झालं."

त्याने सांगितलं ते असं. थंडीत झाडाला नुसतं गार वाटत नसतं. त्याच्या पेशींत फुलण्यावर ब्रेक लावून बसलेला एक जनुक असतो. आठवड्यामागून आठवडे थंडी पडली की ह्या जनुकाच्या आजूबाजूला छोट्या रासायनिक खुणा चढत जातात आणि तो हळूहळू गप्प होतो. जनुक तुटत नाही, बदलत नाही. फक्त त्याच्यावर झाकण बसतं. पुढे ऊन वाढलं तरी झाकण राहतं, म्हणून वसंतात झाडाला आठवतं की हिवाळा होऊन गेला, आता फुलायला हरकत नाही. नवा हंगाम सुरू झाला की खुणा पुसल्या जातात आणि झाड पुन्हा थंडीची वाट बघतं. सुहासच्या गटाने चरबीच्या सूक्ष्म थेंबांत आर.एन.ए.चे तुकडे भरले होते. फवारल्यावर ते कोंबापर्यंत पोचायचे आणि पेशीच्या यंत्रणेकडून त्याच जागी त्याच खुणा करवून घ्यायचे. झाडाने न पाहिलेला हिवाळा त्याला आठवायला लागायचा.

"सफरचंदासाठी केलंय. इथेही आता बर्फ धड पडत नाही, बागा वांझ होऊन राहिल्या," सुहास म्हणाला. "पण झाडावर कळायला वर्षं जातात. लिलीवर लगेच कळतं. तू कुंड्यांवर मार. ह्या दिवाळीला हमाली नको करूस."

संध्याकाळी तिने वत्सलाबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"म्हंजे आता तुले जाच लागत नाही?"

"नाही लागणार."

"अन् त्याले याच लागत नाही?"

प्रणिता समोर बसून भाजीची दुसरी जुडी सोडायला लागली.

औषध लागू पडलं. दिवाळीनंतर कुंड्यांवर फवारा मारला आणि शिमग्याच्या आधीच दांडे वर आले. प्रणिताला हायसं वाटलं. पहिल्यांदाच तिने दिवाळीची सुट्टी घरात काढली, पडदे बदलले, चुलतबहिणीकडे गडचिरोलीला दोन दिवस राहून आली. सुहासचे फोन रोज येत राहिले. पण पूर्वी त्या फोनवर कुंडी कोणती कोमेजली, तिकीट कन्फर्म झालं का, स्टेशनवर कोण येणार, असं बोलायला खूप असायचं. आता, जेवलीस का, आईचं बी.पी. कसं आहे, हे झालं की बोलणं संपायचं. मग तो म्हणायचा, "चल, मीटिंग आहे." मीटिंगा खरोखरच होत्या. एका बियाणं कंपनीने फवाऱ्याचे हक्क घेतले होते आणि सुहासला त्यांच्या प्रकल्पाचा प्रमुख केलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या कुंड्यांपेक्षा महत्त्वाची होती. घरामागच्या मोकळ्या जागेत प्रणिताने संकराच्या नातवंडांचे वाफे लावले होते. ह्या तिसऱ्या पिढीत कुठेतरी पिवळ्या आजीचा काटकपणा आणि सायीचा रंग एका रोपात जुळून येईल, असा तिचा हिशेब होता. ही रोपं ती कधीच पालमपूरला नेणार नव्हती. त्यांनी चंद्रपुरातच वाढायचं, थंडी न मिळता. ज्यांना हिवाळा हवा असेल त्यांना नुसती पानं येतील. ज्याला नको असेल ते फुलेल. ह्या उन्हाळ्यात रोपं फुलण्याच्या वयाला आली होती.

होळीच्या आदल्या दिवशी सुहास न सांगता आला. प्रणिता बोर्डाच्या परीक्षेच्या ड्युटीवर होती. दुपारी घरी आली तर व्हरांड्यात त्याच्या चपला दिसल्या आणि आतून वत्सलाबाईंचा हसण्याचा आवाज आला. तिला एकदम बरं वाटलं. पर्स ठेवून ती तशीच मागच्या दारी गेली. सुहास पाठीवरचा पंप उतरवत होता. वाफ्यातली पानं ओली चमकत होती.

"सरप्राइज," तो म्हणाला. "कंपनीची नवी बॅच आहे, आधीच्यापेक्षा तेज. सगळा वाफा करून टाकला. मे महिन्यात बघ तू."

खाली बसून प्रणिताने एक पान बोटात धरलं, जणू पुसून टाकता येईल.

"काय झालं?"

"कुठल्या रोपांवर मारलंस तू?"

"सगळ्याच. एकही..." आणि मग त्याच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. "अगं..."

"मला बघायचं होतं कुणाला हिवाळा लागत नाही ते. आता सगळेच फुलणार. वर्गाला उत्तरं सांगून परीक्षा घेतल्यासारखं झालं हे, सुहास. कोण पास झालं कसं कळणार मला?"

"खुणा पुसल्या जातात. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी. तुला ठाऊक होतं ना मी कशासाठी लावलेत ते? दहा वेळा सांगितलंय."

सुहास पंपाचा पट्टा हातात धरून उभा होता. "खरं सांगू? विसरलो. मला वाटलं, तू खूश होशील. माझ्या डोक्यात होतं की आता प्रश्नच संपला. हिवाळा न लागणारी जात कशाला हवी, हिवाळा विकत मिळतोय तर?"

"दरवर्षी विकत घ्यायचा?"

"दरवर्षी रेल्वेने न्यायचाच होता ना?"

"रेल्वेने मी तुझ्याकडे येत होते."

"माझ्याकडे?" सुहासचा आवाज चढला. "उतरल्या उतरल्या पहिल्यांदा कुंड्या मोजायचीस तू. ह्या दिवाळीला कुंड्या नव्हत्या तर आलीस का?"

"तू तरी बोलावलंस?"

आतून वत्सलाबाईंनी हाक मारली, चहा ठेवला म्हणून. दोघं आत गेले, चहा प्याले. होळीला पुरणपोळी झाली. तिसऱ्या दिवशी सुहास गेला.

मे महिन्यात सगळा वाफा फुलला. पारा सत्तेचाळीसच्या वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आस्वलेंच्या घरामागे पिवळी, केशरी, पीच, फिकट, सायीच्या रंगाची फुलं रोज सकाळी नव्याने उघडत होती. शेजारीपाजारी बघायला आले. मुलींनी फोटो काढले. सुहासबरोबर कंपनीचे दोघं कॅमेरा घेऊन आले. चंद्रपूरच्या उन्हात फुललेल्या डोंगरी लिलीपेक्षा चांगली जाहिरात त्यांना मिळणार नव्हती. त्यांना प्रणिताही फोटोत हवी होती, हातात बाटली घेऊन.

"मी नाही उभी राहणार," ती म्हणाली.

"मॅडम, बाग तर तुमचीच आहे."

"बाग माझी आहे. ही फुलं तुमच्या बाटलीची आहेत. बाटलीचा फोटो घ्या."

सुहासने त्यांना समजावून बाहेर नेलं. जाताना तो म्हणाला, "कंपनीवाले मला दोन वर्षं बंगळुरूला या म्हणतात. तूही चल. आईला घेऊन. तिथे मोठी ग्रीनहाऊस आहेत, हवी ती हवा आत तयार करता येते."

"इथली हवा कुठे मिळणार तिथे?"

"तीपण करता येते, प्रणिता. बटणं आहेत."

"मग तू कर तिथे चंद्रपूर," ती म्हणाली, "मी इथे खऱ्यात राहते."

हे बोलल्यावर तिचं तिलाच ते फार झालं असं वाटलं. पण शब्द गेला होता. सुहास बंगळुरूला गेला.

पुढचं वर्ष साधंच गेलं. दिवाळी आली, गेली. वाफ्यावर काहीही फवारलं नाही. थंडी अशी नव्हतीच. जानेवारीत दोन सकाळी वत्सलाबाईंनी शाल घेतली इतकंच. होळी झाली. एप्रिल गेला. वाफ्यात पानंच पानं. फवाऱ्याच्या वर्षी भरभरून फुललेली रोपं आता गवतासारखी उभी होती. मागच्या वर्षी फोटो काढून गेलेल्या शेजारणीने विचारलं, "ताई, औषध नाही मारलं का यंदा?" प्रणिता म्हणाली, "नाही." शेजारणीच्या नजरेत जरा कीव दिसली. प्रणिताला स्वतःलाही शंका येऊ लागली की आपण हट्टापायी एका चालत्या गोष्टीला पाठ दाखवली. सुहासचं म्हणणं वेडगळ नव्हतं. हिमाचलात त्याच्या फवाऱ्यावर बागा पुन्हा फळायला लागल्या होत्या, लोक त्याला दुवा देत होते. हे ती पेपरात वाचायची आणि तिला अभिमान वाटायचा. फोनवर मात्र ते सांगायचं राहून जायचं.

दांडा पहिल्यांदा वत्सलाबाईंना दिसला. कपडे वाळत घालायला गेल्या होत्या.

"प्रणिता, इकडे ये बरं! हे काहून असं वर येऊन राहिलं?"

वाफ्याच्या कडेला, भिंतीच्या धगीत, एका रोपाच्या पानांमधून बोटभर हिरवा दांडा वर आला होता. टोकाला कळ्यांची मूठ. आणखी दोन रोपांनाही दांडे आले, पण त्यांची फुलं पिवळी निघाली, आजीसारखी. भिंतीकडच्या रोपाची कळी फुगत गेली तशी फिकट होत गेली. ज्या सकाळी ती उघडली, त्या सकाळी प्रणिता अंधुक उजेडातच तिथे बसली होती. फूल सायीच्या रंगाचं, घशाशी हिरवट, पालमपूरच्या फुलापेक्षा थोडं लहान, पाकळ्यांच्या कडा किंचित दुमडलेल्या. दुपारी बाहेर उभं राहवत नव्हतं तरी ते तसंच होतं. गडद रंगाची फुलं उन्हात विरघळल्यासारखी होतात, हे टिकलं. सूर्य मावळल्यावर मिटलं.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं वत्सलाबाईंनी, फोटोसकट. त्यांना फोटो पाठवायला नुकतंच जमायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी सुहास दारात होता. बरोबर सामान म्हणून एक खांद्यावरची बॅग. सरळ मागे गेला. त्या दिवशीचं फूल उघडं होतं. तो बराच वेळ त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"काही मारलं नाहीस?"

"पाणी."

"शाबास," तो म्हणाला, आणि ते तो रोपाला म्हणाला की तिला, हे कळलं नाही. मग उठला. "ऐक, मी फूल बघायला आलो, पण त्याच्यासाठीच नाही आलो. आईने फोटो पाठवला तो मी मूर्खासारखा मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला. इतका आनंद झाला होता. कंपनी तुझ्याकडून ही जात विकत घ्यायला येईल, ह्या आठवड्यातच. चांगलं बोलतील, मान देतील. देऊ नकोस."

"का?"

"ते लावणार नाहीत. त्यांना ती कपाटात हवीय. हिवाळा न मागणारी लिली निघाली, उद्या कुणी तसंच सफरचंद काढलं, तर दरवर्षी बाटली कोण घेईल? माझ्यासमोर बोलले ते. मी त्यांचाच माणूस ना."

"आणि तू हे मला सांगतोयस ते त्यांना कळलं तर?"

"सांगूनच आलोय. म्हणालो, ती माझी बायको आहे, मी तिला सांगणार." तो जरा हसला. "बंगळुरू संपलं. केंद्राने पालमपूरला परत घेतलंय. तिथे फवाऱ्याचं काम राहीलच, लोकांना लागतोय तो. पण कपाटाचं काम मला नाही जमायचं."

प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. भिंत तापलेली होती तरी ती हलली नाही. "त्या दिवशी तुला बोलले ते, बटणांवरून..."

"बरोबर बोललीस. लागलं, पण बरोबर बोललीस."

"नाही. अर्धंच बरोबर होतं," ती म्हणाली. "त्या दिवाळीला मला यायला कुंड्यांची गरज नव्हती. पण नुसतं कसं यायचं हे मला सुचलंच नाही."

सुहासने मान हलवली. त्यालाही ते सुचलं नव्हतं.

कंपनीची माणसं आली, चहा पिऊन गेली. प्रणिताने नाही म्हटलं. लिलीला बुडाशी फुटवे येतात. एक फुटवा सुटा करून लावला की पुढच्या हंगामात त्याचेही होतात. पावसाळा सरता सरता तिने मूळ रोप खणून हातानेच सोडवलं. नाव ठेवलं 'इरई', चंद्रपूरच्या नदीचं. एक फुटवा घरी ठेवला. बाकीच्यांतले अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंना, रत्नागिरीच्या नर्सरीला, सोलापूरच्या एका शाळेला दिले. अट एकच, फुटवे होतील तसे पुढे वाटायचे. निरनिराळ्या हवेत ती कशी वागते हेही तिला बघायचं होतं.

एक फुटवा सुहासने मागितला.

"तिकडे मरेल तो," ती म्हणाली. "ह्याला थंडीत झोपता येत नाही. पानं हिरवीच ठेवेल आणि बर्फात गोठेल."

"कळायला नको का?"

"अरे, पण मला ठाऊक आहे."

"मला बघायचंय," तो म्हणाला. तिने दिला.

रत्नागिरीला पानांवर तांबेरा आला, पण झाड तगलं. अकोल्याला छान लागलं. जानेवारीत एका सकाळी ती कॉलेजला निघत असताना सुहासचा फोन आला. बऱ्याच वर्षांनी पालमपूरला खरा बर्फ पडला होता.

"गेलं," तो म्हणाला. "पानं शिजवल्यासारखी झालीत. बुंधा दाबून पाहिला, लिबलिबीत. वरून गवत घातलं होतं मी, तरी."

"किती उतरला होता पारा?"

"उणे चार."

"मग बरोबर. बर्फाच्या भागात लावू नये, असं सांगायला हवं लोकांना." ती पायात चपला घालत होती. "वाईट नको वाटून घेऊस. माझ्याकडच्या रोपाला बाजूने कोंब आलाय, आणखी एक पाठवते. ह्या वेळी काचेखाली ठेव."

मग सुहास म्हणाला, "रोप नको पाठवूस. तू ये."

"आत्ता?"

"आत्ता. बर्फ आहे, बघशील. तू कधी पाहिलाच नाहीस, दिवाळीत यायचीस नि परत जायचीस."

"पूर्वपरीक्षा चालू आहे रे."

"असू दे."

वत्सलाबाई दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माह्यं मी पाहून घेतो. बाजूची आहे, पोरगी आहे तिची. जाय तू."

प्रणिताने कॉलेजात जाऊन प्राचार्यांकडे रजा मागितली. नोकरी लागल्यापासून परीक्षेच्या काळात तिने कधी रजा घेतली नव्हती. प्राचार्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय, घरी काही अडचण?"

"नाही सर," ती म्हणाली. "मिस्टरांकडे जायचंय."